नाव न घ्यायचं औषध

माझ्या सासूबाईंचं नाव शरणम्मा, पण सारं देवणी गाव त्यांना अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वाच म्हणायचे. देगलूरहून लग्न होऊन आले आणि पहिल्याच सोमवारी सकाळी दार उघडलं, तर ओट्यावर दहा-बारा माणसं ओळीनं बसलेली. कुणी मान खाजवतंय, कुणी दंड, कुणी धोतर वर सारून पोटरी. मी घाबरून आत पळाले. माझा नवरा मल्लिकार्जुन मागच्या दारात दात घासत होता. त्याला विचारलं, ही कोण मंडळी? तो तोंडातली राखुंडी न थुंकताच म्हणाला, "अव्वाचे पेशंट."

एवढ्यात अव्वा दगडी वाटी घेऊन बाहेर निघाल्या. वाटीत मातकट रंगाचा लेप, त्याला आंबट ताकाचा वास. एकेकापुढं बसून मधल्या बोटानं त्या लेप लावायच्या, वर फुंकर घालायच्या आणि म्हणायच्या, "जा, खाजवू नको." नायटा, गजकर्ण, खरूज, जे असेल त्याला तोच लेप. घेणाऱ्यानं पैसे द्यायचे नाहीत. जाताना 'येतो' म्हणायचं नाही, नाहीतर रोगही पुन्हा येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे औषधाचं नाव विचारायचं नाही, कुणी घ्यायचंही नाही. नाव उघडं पडलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण गेला.

आता ह्या गुपिताची गंमत अशी, की आमच्या अंगणात तरोट्याच्या, कुणी टाकळा म्हणतात त्याच्या, शेंगांचा हा एवढा ढीग वाळत पडलेला असायचा, आणि पेशंट त्यातूनच वाट काढत ओट्यावर यायचे. अव्वा तरोट्याचं बी रात्री ताकात भिजत घालायच्या आणि पहाटे पाट्यावर वाटायच्या. त्या वरवंट्याचा आवाज तीन घरं पलीकडं जायचा. गावातल्या शेंबड्या पोरालाही औषध ठाऊक होतं. पण नाव कुणी घेत नव्हतं.

आणि पुढं ऐका. लेप लावून झाला की अव्वा आतून मोठ्यांदा ओरडायच्या, "तरोट्याचा चहा कोण कोण घेणार?" तेच बी तव्यावर काळं होईस्तोवर भाजून, कुटून, गूळ घालून उकळायचं. हा चहा. ह्याचं नाव घ्यायला कसलीच हरकत नव्हती. माणसं बशीत ओतून फुर्र करून प्यायची आणि म्हणायची, "अव्वा, तरोटा झ्याक भाजला हाय बगा आज." आणि लेपाकडं बोट दाखवून म्हणायची, "ह्यानं मातर लई गुण आला, काय असंल ते असो."

मी मॅट्रिक नापास. पण नापास व्हायलासुद्धा मॅट्रिकपर्यंत जावं लागतं, हे मी सासरी सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. त्या शिक्षणाच्या तोऱ्यात मी विचारलं, "अव्वा, हे तेच बी ना, त..." पुढचं अक्षर बाहेर पडायच्या आत अव्वांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला लेप होता. माझे ओठ दिवसभर चुरचुरत राहिले आणि नवरा दिवसभर हसत राहिला.

हे औषध अव्वांच्या हाती आलं बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या घरचा धंदा जनावरांच्या बाजारातला. देवणीचा बैल साऱ्या मुलखात नावाजलेला, आणि त्या बैलाला लागणारे कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा आमच्या दुकानात. दुष्काळात बैलच मातीमोल विकले गेले, तिथं घुंगरमाळ कोण घेणार? माझे सासरे महादेवप्पा, म्हणजे आमचे अप्पा, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसून घुंगरं पुसत राहिले, आणि अव्वा पदर खोचून वलांडीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेल्या. दुकानदाराची बायको खडी फोडते म्हणून अप्पा काही दिवस तोंड लपवून होते. मग भूक लागली, आणि हातोडा घेऊन तेही गेले.

कामावर प्यायला पाणी मुश्किलीनं मिळायचं, अंघोळीचं नावच नको. धुळीनं माखलेली अंगं आणि एकाचं पांघरूण दुसऱ्याच्या अंगावर. नायट्यांची नुसती साथ लागली. शेतात पेरलेलं काही आलं नव्हतं, पण न पेरलेला तरोटा उरल्यासुरल्या ओलीवर रस्त्याच्या कडेनं उगवला. जनावरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, माणसांनी लावलं. कोवळ्या पाल्याची भाजी झाली, शेंगा वाळल्यावर चहा झाला. ते काळं कडू पाणी पोटात गेलं की पुन्हा हातोडा उचलावासा वाटायचा, असं अप्पा सांगायचे. आणि विठाबाई नावाची एक म्हातारी होती, ती दिवस मावळायच्या सुमाराला सगळ्यांच्या अंगाला लेप लावायची. म्हणजे दुपारी पोटात तरोटा, चहाच्या वेळी वाटीत तरोटा, आणि संध्याकाळी अंगावर तरोटा. फक्त संध्याकाळच्या तरोट्याचं नाव घ्यायचं नाही.

काम बंद व्हायच्या बेताला विठाबाईनं अव्वांना खडीच्या ढिगाआड नेलं आणि कानात औषधाचं नाव सांगितलं. हे सांगताना अव्वा इतक्या वर्षांनीही गंभीर व्हायच्या. "अंगावर काटा आला बग माज्या."

"पण अव्वा, तुमाला ठाऊकच होतं की!"

"ठाऊक असनं येगळं, आन् सांगितलेलं येगळं," अव्वा म्हणाल्या. "सांगितलं तवा तिच्या हातातला गुन माज्या हातात आला. तिचा हात त्या दिसापून रिकामा. नंतर तिच्याच कोपराला नायटा उठला, तर चालत माज्याकडं आली ती."

मला हे सगळं थोतांड वाटायचं, आणि तरीही सोमवारी सकाळी ओट्यावरची माणसं मोजायला मला आवडायचं. अव्वांचा सगळा आठवडा त्या सोमवारसाठी असायचा. रविवारी त्यांची धांदल बघावी. दगडी वाटी घासायची, बी निवडायचं, ताक आंबट झालंय की नाही ते चाखून बघायचं. अव्वांना लिहिता-वाचता येत नव्हतं, बाजारहाट अप्पांकडं, पैशाचा व्यवहार मुलाकडं. गावात जी काही पत होती ती त्या मधल्या बोटाची.

लग्नसराईत मुलींची रीघ लागायची. कुणाच्या गालावर डाग, कुणाला वांग, कुणाची मान उन्हानं काळवंडलेली. त्यांच्यासाठी लेप सौम्य असायचा, बी कमी आणि साय जास्त, वर चिमूटभर हळद. त्यानं रंग उजळतो की नाही, ह्यावर मी पैज लावणार नाही. पण अव्वा मुलीची हनुवटी धरून तोंड इकडून तिकडं फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "यव्वा! किती ग्वाड हाय गं ही पोरगी!" ते ऐकून मुलगी उजळूनच अंगणाबाहेर पडायची.

अप्पांचं खूळ वेगळं होतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतली, तीही त्यांना लाभली नाही. उर्दू बोलायचे फर्डं, लिहिता एक अक्षर येत नव्हतं, आणि मराठीचीही तीच गत. साठी उलटल्यावर शेषेराव गुरुजींनी मठात प्रौढ शिक्षणाचा वर्ग काढला. अप्पा पाटी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. बाकीचे प्रौढ हळूहळू गळाले, अप्पा चिकटून राहिले आणि वर्षभरात वाचायला लागले.

मग आमची शांतता संपली. भज्यांचा कागद, उदबत्तीचा पुडा, नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर, एसटीची पाटी, अप्पा दिसेल ते वाचायचे. आणि गुरुजींनी 'मोठ्यानं वाचा' असं सांगितलेलं, म्हणून खळ्यावरून हाक मारल्यासारखे वाचायचे. दवाखान्याच्या भिंतीवरचं 'दोन किंवा तीन पुरेत' घरी येऊन आम्हा नवराबायकोकडं बघत त्यांनी वाचून दाखवलं, तेव्हा मी लाजून चुलीत तोंड घालायची बाकी राहिले होते. पण खरं सांगते, म्हातारपणी जोडाक्षरापाशी अडून, पुन्हा मागं जाऊन, ते सुटल्यावर त्यांचा चेहरा जो फुलायचा, तो बघून मला माझ्या नापास मॅट्रिकची लाज वाटायची.

गुरुजींनी तर त्यांना मोठाच मान दिला होता. येत्या बसवजयंतीला मठात सगळ्या गावापुढं बसवण्णांच्या चरित्रातलं एक प्रकरण अप्पांनी वाचायचं. अप्पांनी त्यासाठी नवं धोतर आणून ठेवलं. गुरुजींनी दिलेलं चरित्राचं पुस्तक रोज अंघोळ झाली की विभूती लावून उघडायचे आणि ओट्यावर बसून सराव करायचे. गल्लीतल्या कुत्र्यांनाही ते प्रकरण पाठ झालं असेल.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याला जायचं म्हणजे उस्मानाबाद, अंथरूण बांधून मुक्कामाच्या तयारीनं निघायचं. आता सकाळची गाडी धरली, उदगीरला बदलली, की काम उरकून दिवस मावळायच्या आत घरी. अव्वा म्हणायच्या, "जिल्हा लई जवळ आला," जणू कुणी लातूर ढकलत ढकलत देवणीकडं आणून ठेवलं होतं. पुढच्या शिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला आमच्या गावातून नेहमीच्या दुप्पट माणसं गेली. नव्या जिल्ह्याची पहिली जत्रा, म्हणून हौस.

देवदर्शन झालं, पेढे घेतले, आणि मग आम्ही सरकारी प्रदर्शनाच्या मांडवात शिरलो. नांगर, खतं, गोबरगॅस, सगळं बघत बघत एका कोपऱ्यात आलो. तिथं औषधी झाडं कुंड्यांत मांडलेली, प्रत्येकापुढं पाटी. अप्पांना तर घबाडच सापडलं. पाटीवर बोट ठेवून ठेवून सुरू झाले, "अडुळसा, खोकल्यावर! कोरफड, भाजल्यावर! कडुलिंब, जंतावर!" मागं गावची मंडळी जमली होती. दगडोबा होता, त्याची लेक तारामती होती, शेषेराव गुरुजीही होते. विद्यार्थ्याचा पराक्रम बघून गुरुजी माना डोलवत होते.

पुढची कुंडी मी लांबूनच ओळखली. मी अप्पांचं धोतर ओढलं, पण ते वाचनाच्या रंगात. बोट अक्षरांवरून सरकलं आणि खळ्यावरच्या आवाजात अप्पा म्हणाले, "तरोटा! बियांचा लेप नायट्यावर, गजकर्णावर व त्वचेच्या डागांवर!"

मांडवातली सरकारी बाई बिचारी हौसेनं सांगायला लागली, की ह्याच्या बियांची कॉफीही करतात, अर्क काढून मलमात, साबणात घालतात, ही फार उपयोगी वनस्पती आहे. आमच्यातलं कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे अव्वांकडं बघत होते. अव्वांनी उजवा हात पदराखाली घेतला. घरी येईपर्यंत, उदगीरला गाडी बदलतानासुद्धा, तो हात त्यांनी बाहेर काढला नाही.

त्या सोमवारी पाटा वाजला नाही. ओट्यावर माणसं येऊन बसली, तर अव्वांनी दारातूनच सांगितलं, "माजा हात रिकामा झालाय. आता येत जाऊ नका," आणि आत निघून गेल्या. दगडी वाटी धुऊन त्यांनी पालथी घातली. त्यानंतर अव्वा दुपारच्या झोपायला लागल्या. जन्मात कधी दुपारची पाठ न टेकलेली बाई! पिठल्यात मीठ विसरायच्या. रविवार आला की काय करावं ते त्यांना सुचेना, एका दाराशी उभ्या राहायच्या, मग दुसऱ्या. माझा जीव तुटायचा. त्या लेपात काय होतं आणि काय नव्हतं ते देव जाणे, पण त्याच्यावाचून अव्वा अव्वा राहिल्या नव्हत्या, हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

अप्पा आधी तावातच होते. "मी काय खोटं वाचलं का? लिवलं व्हतं ते वाचलं! सगळ्या गावाला ठाऊक हाय की!" मग अप्पांचा ताव ओसरला. बायको भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती भांडत नव्हती, बिनमिठाचं पिठलं वाढून गप बसत होती. अप्पा ते पिठलं मीठ न मागता खायचे.

गाव मात्र हार मानायला तयार नव्हतं. पहिला दगडोबा आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "अव्वा, जत्रंत भोंगे लई वाजून राहिले व्हते. अप्पा काय म्हनले, मला काय ऐकू आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मागच्या आळीतली म्हातारी आली. ती जत्रेला गेलीच नव्हती म्हणे. मी तिला माझ्या डोळ्यांनी पाळण्यात बसलेली बघितली होती. मग खुद्द शेषेराव गुरुजी आले. गुरुजी म्हणजे खोटं बोलल्याबद्दल साऱ्या गावाच्या पोरांना छड्या मारलेला माणूस. खाकरून म्हणाले, "अव्वा, त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता. पाटीवर काय होतं, ह्याची मी ग्वाही देऊ शकत नाही." चष्मा नाकावर होता, तो तेवढ्यात काढून खिशात टाकला.

मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. अव्वा पण क्षणभर हसल्यासारख्या झाल्या. मग म्हणाल्या, "तुमी कुनी ऐकलं नसंल, गुरुजी. पर ज्यानं वाचलं त्यानं तर वाचलं न्हवं?"

गुरुजी चष्मा खिशातच ठेवून चाचपडत अंगणाबाहेर गेले.

अडचण खरी तारामतीची झाली. दगडोबाच्या ह्या लेकीच्या उजव्या गालावर नायट्याचं गोल चक्र होतं. लेप चालू असताना ते निम्मं विझलं होतं, आता पुन्हा कडा धरायला लागलं. आणि उदगीरची मंडळी तिला बघायला येणार होती. दगडोबानं दवाखान्यातून मलम आणलं, तर पोरगी म्हणे, आधी अव्वा हात लावतील, मग मलम. शेवटी मीच अव्वा झोपलेल्या बघून पाटा मांडला, बी वाटलं आणि तारामतीला मागच्या दारी बसवून लेप लावला. ती किंचाळली.

"वहिनी, आग व्हून राहिली! अव्वांनी लावल्यावर असं न्हाई व्हत."

"तेच औषध आहे गं!"

"औषध आसंल. हात न्हाई."

आवाजानं अव्वा उठून आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी पोरीचा लाल झालेला गाल बघितला. एक पाऊल पुढंही आल्या. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि तशाच परत फिरल्या. तारामती रडायला लागली ती गालासाठी की कशासाठी, मला कळलं नाही. अप्पा कासऱ्यांची गुंडाळी घेऊन मागच्या पडवीत बसले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

पुढच्या सोमवारी अप्पांनी दुकान उघडलं नाही. सकाळीच ओट्यावर येऊन उभे राहिले. तारामती बापाबरोबर आली होती, आशा सुटत नव्हती म्हणून आणखीही माणसं येऊन बसली होती. शेषेराव गुरुजीही होते. त्यांच्या मानेला खरोखरच नायटा उठला होता, का नुसता आधार द्यायला आले होते, ते त्यांनाच ठाऊक. अव्वा आत उंबऱ्याशी बसल्या होत्या.

अप्पांनी आवाज चढवला, तोच खळ्यावरचा.

"सगळ्यांनी ऐका. मला वाचता येत न्हाई."

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं.

"जत्रंत मी अंदाजानं बोललो. झाडं काय, मी वळखतो. नावं घेत सुटलो. फुडं खाली काय लिवलं व्हतं, खोकला का नायटा का पोटदुकी, ते मला काय कळतंय? तोंडाला आलं ते बोललो. शेखी मिरवायची सवय, दुसरं काय."

आतून अव्वांचा आवाज आला, "आन् मंग पेपर वाचत व्हता तो?"

"लोकांकडून ऐकून यायचो. घोकून ठिवायचो."

"एसटीच्या पाट्या?"

"गाडीचा डायवर बघून सांगायचो."

अव्वा उंबऱ्यावर सरकल्या. मग हळू आवाजात विचारलं, "आन् बसवजयंतीला?"

पायाच्या अंगठ्यानं अप्पांनी ओट्यावरचा एक खडा सरकवला. मला वाटलं, इथं हा माणूस मोडणार. मी मनात म्हणत होते, नका अप्पा, नका सांगू, आणि त्याच वेळी म्हणत होते, सांगा.

"दुसरा कुनीबी वाचंल," अप्पा म्हणाले. "मला येतच न्हाई, तर मी कसा वाचू?"

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. साऱ्या वर्गातून तयार झालेला त्यांचा हा एकच विद्यार्थी. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "मीच साक्ष देतो," ते म्हणाले. "ह्यांना शिकवून शिकवून मी बेजार झालो. काही म्हणता काही डोक्यात शिरलं नाही."

अव्वा उठल्या. आत भांडी वाजली. मग पाट्यावर वरवंटा फिरायला लागला, आणि ओट्यावरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. बी भिजवलेलं कुठून आलं, हे विचारू नका. मी रविवारी ते गुपचूप ताकात टाकून ठेवलं होतं, आणि अव्वांनी ते बघून मला काहीच विचारलं नव्हतं. वाटी घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात पदराबाहेर होता.

"तारामती, म्होरं ये," अव्वा म्हणाल्या. हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं. "काय गं हे गालाचं! कुनी लावलं तुला, गवंड्यानं?" सगळे माझ्याकडं बघून हसले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तारामतीचं उदगीरला जमलं. लेपानं जमलं, की दवाखान्याच्या मलमानं, की उदगीरकरांची नजर अधू होती, ह्यावर आमच्या घरात अजून वाद होतो.

अप्पांनी मात्र दिलेला शब्द पाळला. एसटी स्टँडवर पाटीसमोर उभं राहून ते शेजारच्याला विचारायचे, "ही गाडी कुठं जाती ओ?" भज्यांचा कागद चोळामोळा करून फेकून द्यायचे. एकदा त्यांनी चुकून उलटं धरलेलं वर्तमानपत्र कुणीतरी सुलटं करून दिलं, तर म्हणाले, "मला दोनी सारकंच." गल्ली शांत झाली. मला ती शांतता आवडत नव्हती.

बसवजयंतीला अप्पा नवं धोतर नेसून मठात आले आणि पहिल्या रांगेत बसले. प्रकरण वाचलं ते उदगीरच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरानं. वाचलं बरं, पण घाई करत होतं. मी बायकांमध्ये अव्वांशेजारी बसले होते. तिथून अप्पांची एक बाजू दिसत होती. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पोरगं जिथं अडखळे, तिथं अप्पांचे ओठ थांबून त्याची वाट बघायचे. अव्वा पुस्तकाकडं बघत नव्हत्या, वाचणाऱ्याकडं बघत नव्हत्या. सबंध वेळ त्या ओठांकडं बघत होत्या.

जेवणं उरकून दुपारी घरी आलो. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. भर दिवसा आमचं दार कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. डोकावून बघितलं तर अव्वांनी दार लावून घेतलं होतं, खिडकीही ओढली होती. कोनाड्यातलं चरित्राचं पुस्तक काढून त्यांनी पदरानं पुसलं आणि अप्पांच्या पुढं ठेवलं.

"वाचा."

"मला येत न्हाई," अप्पा म्हणाले.

"दार लावलंय."

अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. मग पुस्तक उघडलं, अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. खळ्यावरच्या आवाजात नाही. इतक्या हळू, की मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत राहिले. अव्वा गुडघ्यावर हनुवटी टेकून समोर बसल्या होत्या. जोडाक्षर आलं, अप्पा अडले, मागं गेले, सोडवलं. अव्वांच्या चेहऱ्यावर ते सुटलेलं मला दिसलं.

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. अप्पांनी चटकन पुस्तक मांडीखाली घातलं.

"कोन हाय?" अव्वांनी मोठ्यांदा विचारलं.

"अव्वा, पोराच्या पाठीला गजकर्ण उठलंय. जरा बगता का?"

"आता न्हाई. कामात हाय मी. सोमवारी ये," अव्वा ओरडल्या, आणि पावलं अंगणाबाहेर जाईपर्यंत कानोसा घेत राहिल्या. मग अप्पांच्या मांडीखालचं पुस्तक ओढून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"हं. म्होरं वाचा."